‘व्हॉट्सप’ला काय उत्तर द्यायचं?



आपल्या सगळ्यांच्या मोबाइलवर ते हिरवं व्हॉट्सअ‍ॅप आहे. महिला मंडळाचे निरोप, चातुर्मासाच्या पत्रिका, पापडाच्या ऑर्डरी, नातवंडांचे फोटो, सगळं त्याच्यावरच येतं. २००९ साली अमेरिकेत ते निघालं, तेव्हा त्याचं नाव एका रोजच्या इंग्रजी बोलण्यावरून ठेवलं गेलं : ‘व्हॉट्स अप?’ आपल्या भाषेत ‘काय चाललंय?’ म्हणजे बघा, धाराशिवपासून परंड्यापर्यंत आपण बायका दिवसातून वीसदा इंग्रजीत ‘काय चाललंय’ म्हणतो. पण तेच दोन शब्द कुणी समोर उभं राहून म्हणालं की आपल्या तोंडाला कुलूप लागतं. याला काय सांगायचं? वर काय आहे असं विचारतोय का हा?

हा अनुभव आता घरोघरी आहे. कुणाचा मुलगा पुण्यात कंपनीत आहे, कुणाची सून बंगळूरची आहे, कुणाची लेक सातासमुद्रापार. व्हिडिओ कॉलवर नातू ‘हे आजी, व्हॉट्सप?’ म्हणतो आणि आजी फोन आजोबांच्या हातात देऊन टाकते. नंतर म्हणते, ‘आपल्याला काही इंग्रजी येत नाही बाई.’ याच वाक्यावर मला आज बोलायचं आहे. माझं म्हणणं असं, की या ठिकाणी इंग्रजी न येण्याचा प्रश्नच नाही. अभिवादन कसं ओळखायचं हे आपल्याला लहानपणापासून येतं. फक्त इंग्रजीच्या बाबतीत ते वापरायचं आपल्याला कुणी सांगितलं नाही.

माझ्या पिढीनं इंग्रजी पाचवीपासून शिकलं. बाई वर्गात आल्या की सगळ्यांनी उभं राहून सुरात ‘गुड मॉऽर्निंग टीऽचर’. मग ‘हाउ आर यू?’ आणि त्याला एकच उत्तर, ‘आय अ‍ॅम फाइन, थँक यू’. पाढ्यासारखं पाठ. २००० सालापासून महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी आलं, त्यालाही पंचवीस वर्षं झाली. पण जोडी तीच राहिली. पुस्तकाबाहेर गेलं की ही जोडी भेटतच नाही. इंग्लंडमध्ये लोक ‘यू ऑल राइट?’ म्हणतात, अमेरिकेत ‘हाउज इट गोइंग?’, ऑस्ट्रेलियात ‘हाउ या गोइंग?’ आता ‘गोइंग’ म्हणजे जाणं एवढं आपल्याला पक्कं माहीत. मग आपली बाई सांगणार, ‘बाय बस.’ समोरचा हसतो, आपण ओशाळतो, आणि पुढच्या वेळी तोंडच उघडत नाही.

यात अर्धी अडचण कानाची आहे, ती आधी समजून घेऊ. मराठी बोलताना आपण जवळजवळ प्रत्येक अक्षराला त्याचा वाटा देतो. इंग्रजी बोलणारा तसं करत नाही. वाक्यातल्या एकदोन शब्दांवर जोर देतो आणि बाकीचे गिळून टाकतो. पुस्तकातलं ‘हाउ आर यू’ त्याच्या तोंडातून ‘हावया’ असं येतं. ‘हाउज इट गोइंग’चं ‘हाउझिगोइन्’ होतं. ‘यू ऑल राइट’चं ‘यॉराइट’ आणि मग नुसतं ‘ऑराइट’. ‘व्हॉट्स अप’चं ‘व्हॉट्सप’ आणि पोरांच्या तोंडी नुसतं ‘सप’. ऑस्ट्रेलियातलं ‘गुड डे’ तर ‘गडाय’ होऊन येतं. आपला कान तीन शब्दांची वाट बघत बसतो आणि गाडी निघून जाते. यात आपलं डोकं कमी पडत नाही. आपण ज्या शब्दांची वाट बघतो, ते तिथं उच्चारलेच जात नाहीत.

आता आपल्याकडं बघा. एखादा साहेब दुसऱ्या राज्यातून बदलून आला आणि त्यानं पुस्तकावरून मराठी शिकलं, ‘आपण कसे आहात?’ वगैरे. त्याला आपल्या बाजारात कुणी म्हणालं, ‘काय म्हंता साहेब?’ तर तो गोंधळून सांगेल, ‘मी काही म्हटले नाही.’ आपल्या भागात सकाळी घराबाहेर पाऊल टाकलं की चार जणी विचारतात, ‘कुठं चाललाव?’ आपण काय उत्तर देतो? ‘इकडंच जरा.’ कुणी पत्ता सांगत बसत नाही आणि विचारणारीला तो नकोही असतो. संध्याकाळी ‘जेवलाव का?’ विचारतात. आपण तर सूर्यास्ताच्या आत आवरलेल्या, त्यामुळं आपलं उत्तर कायम ‘हो’च. आणि विचारणारीनं काही ताट वाढून ठेवलेलं नसतं.

सगळ्यात गंमत आहे ती ‘येते हं’ची. निघताना आपण ‘जाते’ म्हणत नाही, अशुभ वाटतं. चाललेलो असतो आणि म्हणतो ‘येते’. समोरचीही ‘या’ म्हणते. मराठी शिकणारा परका माणूस हे ऐकून दार उघडं ठेवून वाट बघेल. मग इंग्रजीतल्या ‘सी यू लेटर’नं आपण का फसावं? ‘नंतर भेटू’ म्हणाला म्हणून संध्याकाळी चहा टाकायची गरज नाही. ते त्यांचं ‘येतो’ आहे.

आणि आपला जिल्हा तर यातून एकदा गेलेला आहे. १९४८ सालापर्यंत आपण निजामाच्या राज्यात होतो, कचेरीची भाषा उर्दू. त्या काळी कचेरीत काम पडलं की जुनी माणसं ‘आदाब अर्ज’ म्हणायची. मराठीत अर्ज म्हणजे सरकारात द्यायचा कागद. पण कचेरीत ‘आदाब अर्ज’ ऐकून कुणी कागद शोधला नाही. कोण, कुणाला, कुठल्या वेळी, किती वाकून म्हणतं ते बघितलं आणि तसं म्हटलं. आजही एकाच रस्त्यावर आपण राम राम, जय भीम, सलाम, राम कृष्ण हरी आणि जय जिनेंद्र ऐकतो आणि ज्याला त्याला त्याचं परत देतो. पाच अभिवादनं येणाऱ्या बाईनं सहाव्याला का घाबरावं?

आपल्या धर्मातलं उदाहरण तर याहून सरळ आहे. कुंथलगिरीला आपण सगळ्याच जातो. भूम तालुक्यातलं आपलं सिद्धक्षेत्र, कुलभूषण-देशभूषण मुनींची निर्वाणभूमी. आचार्य शांतीसागर महाराजांची १९५५ साली समाधी झाली ती तिथंच. तिथं लहान मूल काय शिकतं? मुनिमहाराज दिसले की आई ‘नमोस्तु’ म्हणते. आर्यिका माताजींना ‘वंदामि’. ऐलक, क्षुल्लक असतील तर ‘इच्छामि’. आणि गावाकडची माणसं भेटली की ‘जय जिनेंद्र’. मुलाला कुणी व्याकरण सांगत नाही. ते आईकडं बघतं, समोरच्याकडं बघतं आणि चौथ्या वेळी बरोबर म्हणतं. ‘इच्छामि’चा शब्दशः अर्थ ‘मी इच्छितो’. आजवर कुठल्या क्षुल्लकजींनी ‘काय इच्छितोस, बाळ?’ असं उलट विचारलंय का? ‘नमोस्तु’ सुद्धा ‘नमः अस्तु’ असे दोन शब्द एकत्र येऊनच झालं. मग ‘व्हॉट्सप’ जोडून आला तर कानानं एवढं दचकायचं कारण नाही.

हे सगळं मी हसत लिहितेय, पण त्यात एक दुखरी जागाही आहे. ती माझ्या थोरल्या जाऊबाईंमुळं मला कळली. त्यांना विचारूनच हे लिहिते आहे.

थोरले भाऊजी गेल्यावर पुतणीनं आईला चार महिने आपल्याकडं नेलं, इंग्लंडमध्ये लेस्टरला. जाऊबाई सातवी शिकलेल्या. पहिल्याच आठवड्यात कोपऱ्यावरच्या दुकानात दूध आणायला गेल्या. गल्ल्यावरची मुलगी त्यांच्याकडं बघून म्हणाली, ‘यू ऑल राइट?’ ‘ऑल राइट’ एवढं त्यांना कळत होतं. बरी आहेस ना, असं ही विचारतेय. त्यांचे डोळेच भरून आले. घरी येऊन लेकीला म्हणाल्या, ‘सुतक फिटलं तसं आपल्याकडं कुणी विचारायचं राहिलं. आणि या परक्या पोरीला माझ्या तोंडावरून कळलं बघ.’ दुसऱ्या दिवशी बस ड्रायव्हरनं तेच विचारलं. मग शेजारच्या म्हाताऱ्यानं. लेकीला राहवलं नाही, तिनं सांगून टाकलं, ‘आई, ते सगळ्यांनाच म्हणतात. नमस्कारासारखं असतं ते.’

त्यानंतर जाऊबाई चार दिवस घराबाहेर पडल्या नाहीत. त्या म्हणाल्या, ‘विचारायचं नव्हतं तर विचारलं कशाला?’

रविवारी लेक त्यांना देरासरात घेऊन गेली. लेस्टरला ऑक्सफर्ड स्ट्रीटवर जैन सेंटर आहे. पूर्वी तिथं चर्च होतं, १९८८ साली प्रतिष्ठा झाली. आता समोरून सगळं पांढरं कोरीव संगमरवर, आणि आत एकाच छपराखाली श्वेतांबर, दिगंबर सगळ्यांची सोय. दारात एक गुजराती आजीबाई भेटल्या. ‘जय जिनेंद्र! केम छो?’ जाऊबाईंनी पटकन उत्तर दिलं, ‘मजामां.’ आत गेल्यावर लेकीनं हळूच विचारलं, ‘आई, तू मजेत आहेस?’ ‘नाही गं.’ ‘मग म्हणालीस कशी?’ जाऊबाई म्हणाल्या, ‘अगं, तसं म्हणायचं असतं.’ आणि म्हणता म्हणता स्वतःच थांबल्या.

मला वाटतं, इंग्रजीचा सगळ्यात मोठा धडा त्या दिवशी त्यांनी स्वतःच स्वतःला दिला. आणि पुढचा भागही सांगायला हवा. परत निघताना त्या आजीबाई पुन्हा भेटल्या. या वेळी त्यांनी जाऊबाईंचं कपाळ बघितलं, हात धरला आणि बाकावर बसवून विचारलं, ‘केम छो, बेन?’ शब्द तेच. पण आजीबाई थांबल्या होत्या.

आता काही जणी म्हणतील, आणि मंडळात एकीनं विचारलंही, की डोकं ठणकत असताना ‘आय अ‍ॅम फाइन’ म्हणणं हे खोटं नाही का? आपलं सत्याणुव्रत आहे, भाषा समिती आहे. हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. याचं उत्तर आपल्या ग्रंथात आहे आणि ते फार सुंदर आहे. नेमिचंद्र सिद्धांतचक्रवर्तींनी हजार वर्षांपूर्वी गोम्मटसारात वचनाचे चार प्रकार सांगितले : सत्य, असत्य, उभय आणि अनुभय. अनुभय म्हणजे जे खरंही नाही आणि खोटंही नाही. अशी भाषा कोणती? तिचे प्रकार मोजताना सगळ्यात पहिला येतो तो आमंत्रणी भाषा, म्हणजे कुणाला हाक मारणं, संबोधणं. ‘अगं ए’ या हाकेला खरं किंवा खोटं कसं म्हणणार? त्यात काही विधानच नाही. पुढं आज्ञा, याचना, विचारणा असे प्रकार येतात.

विसाव्या शतकात ब्रॉनिस्लाव्ह मॅलिनोव्स्की नावाचे मानववंशशास्त्रज्ञ होऊन गेले. पॅसिफिक महासागरातल्या ट्रोब्रियंड बेटांवर राहून त्यांनी तिथल्या लोकांचं बोलणं अभ्यासलं, आणि १९२३ साली लिहिलं की माणसं कित्येकदा काही सांगण्यासाठी बोलतच नाहीत, नुसता संबंध जोडण्यासाठी बोलतात. हवापाण्याच्या गप्पा, ख्यालीखुशाली यातच आल्या. भाषाशास्त्रात त्यांचं नाव मोठं झालं. ते योग्यच. पण ‘खरं-खोटं’ या तराजूत न बसणारं बोलणं असतं, हे आपल्या आचार्यांनी केव्हाच वेगळं काढून ठेवलं होतं. माझ्या समजुतीप्रमाणं ‘व्हॉट्सप’, ‘ऑराइट’, ‘काय म्हंता’ ही सगळी आमंत्रणी भाषा आहे. प्रश्नचिन्ह असलेली हाक.

आणि तरीही ‘फाइन’ म्हणताना जिचं मन खातं तिच्यासाठी सोपा मार्ग आहे. ‘ऑराइट?’ला ‘ऑराइट?’ हेच उत्तर चालतं. ‘हाय’ला ‘हाय’. ‘व्हॉट्सप’ला ‘नॉट मच’, म्हणजे विशेष काही नाही, हे तर गृहिणीच्या बाबतीत बहुतेक खरंच असतं! हसून ‘गुड टु सी यू’ म्हटलं तर त्यात खोटं काहीच नाही. जय जिनेंद्रला आपण जय जिनेंद्र परत करतो, तसंच हे.

दुसऱ्या बाजूनं आपल्याकडं एक बोलणं नेहमी ऐकू येतं : ‘इंग्रजांचं सगळं वरवरचं, आपलं कसं मनापासून.’ मला हे पटत नाही. सरकारनं २ ऑक्टोबर २०२२ पासून कार्यालयांत ‘हॅलो’ऐवजी ‘वंदे मातरम्’ म्हणायची मोहीम सुरू केली, तेव्हाही ‘हॅलो’ला काही अर्थच नाही असं कारण दिलं गेलं. वंदे मातरम् म्हणायला मला आनंदच आहे. पण अर्थ नाही म्हणून अभिवादन वाईट, हे गणित चुकीचं आहे. इंग्रजीतलं ‘गुडबाय’ मुळात ‘देव तुझ्यासोबत असो’ या आशीर्वादाचं आखडलेलं रूप आहे, आणि रोज म्हणणाऱ्या इंग्रजाला ते आठवतही नाही. आपण ‘काय, बरंय का?’ म्हणत पुढं जातो, तेव्हा तरी थांबून उत्तर कुठं ऐकतो? वरवरचं असेल तर दोघांचंही, आणि मनापासूनचं असेल तर तेही दोघांचं. आपल्या एसटीतला कंडक्टर ‘मावशी, पुढं सरका’ म्हणतो, तसा लेस्टरकडचा माणूस अनोळखी बाईला ‘मी डक’ म्हणतो. डक म्हणजे बदक! ‘एय अप, मी डक’ हे तिकडचं जुनं अभिवादन आहे. मावशी म्हणून तो काही आपल्या बहिणीचा मुलगा होत नाही, आणि बदक म्हणून अपमानही होत नाही. त्यातली माया मात्र ओळखता आली पाहिजे.

मग ओळखायचं कसं? माझा एकच नियम आहे : समोरच्याचे पाय बघा. विचारता विचारता तो चालत राहिला तर तो नमस्कार, तसाच परत करा आणि पुढं जा. पाय थांबले, नजर थांबली, तो उत्तराची वाट बघत उभा राहिला, तर तो खराखुरा प्रश्न. तिथं मोडकंतोडकं का होईना, खरं सांगा. हा नियम इंग्रजीला लागू पडतो आणि मराठीलाही.

जाऊबाईंनी पुढं तसंच केलं. रोज दुकानात गेल्या की आपणच आधी ‘ऑराइट?’ म्हणायच्या. तीन महिन्यांनी त्यांना ताप आला, आठवडाभर गेल्या नाहीत. परत गेल्या तेव्हा ती गल्ल्यावरची मुलगी बाहेर येऊन उभी राहिली आणि तिनं काय काय विचारलं. जाऊबाईंना त्यातलं निम्मंही कळलं नाही, पण हे नमस्कारातलं नाही एवढं पक्कं कळलं. मी म्हणते, नव्वद दिवसांचे ते पोकळ ‘ऑराइट’ झाले नसते तर एक्क्याण्णवाव्या दिवशी ती मुलगी बाहेर आली असती का?

म्हणून इंग्रजी बोलायचे वर्ग घेणाऱ्या ताई-दादांना माझं सांगणं आहे. बायकांना पहिल्या दिवशी काळ आणि क्रियापदं देऊ नका. आधी दहा अभिवादनं ऐकवा, खऱ्या तोंडातली, गिळलेल्या अक्षरांसकट. शब्दाखाली शब्द ठेवून अर्थ सांगू नका, कोण कुणाला केव्हा म्हणतं ते सांगा. शाळेतल्या शिक्षकांनीही ‘आय अ‍ॅम फाइन’ पाठ झालं म्हणजे संभाषण आलं असं मानू नये. आणि परदेशातल्या लेकी-सुनांनो, आई विमानातून उतरली की घर दाखवण्याआधी तिला हे पाच-सहा शब्द ऐकवून ठेवा. तिचं एखादं रडू वाचेल.

आपल्या घरातही एवढं बघूया. सकाळच्या फुलांच्या ‘गुड मॉर्निंग’वर माझा राग नाही, तीही हाकच आहे. पण ज्या घरात नुकतंच कुणी गेलंय, जिची लेक नुकतीच सासरी गेलीय, जिचा रिपोर्ट यायचाय, तिच्या दारावरून जाताना ‘काय म्हंता?’ विचारून पुढं जाऊ नका. तिथं थोडं थांबा.

जय जिनेंद्र.